एका तासाचा महिना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२०२२च्या दिवाळीनंतरची गोष्ट. सकाळचा पहिला तास संपवून मी स्टाफरूममध्ये आले आणि फोन वाजला. पलीकडच्या माणसानं आमच्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलाचं नाव घेतलं. हा मुलगा चोर आहे, कर्ज बुडवून बसला आहे, तुमचा नंबर त्याच्या फोनमध्ये आहे, तेव्हा पैसे तुम्ही भरा, असं तो हिंदीत आणि अतिशय अर्वाच्य भाषेत सांगू लागला. मी फोन ठेवला. तो मुलगा त्या वेळी समोरच्याच वर्गात दुसऱ्या बाकावर बसला होता.

दुपारी त्याला बोलावलं. आधी तो काही बोलेना. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मोबाईलचा फुटलेला काच बदलायला त्यानं एका ॲपवरून ३,००० रुपयांचं कर्ज घेतलं होतं. हातात पडले २,२५० रुपये. बाकीचे 'शुल्क' म्हणून आधीच कापलेले. सात दिवसांनी भरायचे मात्र पूर्ण ३,०००. ते जमेनात म्हणून दुसऱ्या ॲपवरून घेतले, दुसऱ्याचे भरायला तिसऱ्यावरून. दोन महिन्यांत आकडा चाळीस हजारांवर गेला आणि वसुलीवाल्यांनी त्याच्या फोनमधल्या एकेका नंबरावर फोन लावायला सुरुवात केली. वडिलांना तो फोन उसाला पाणी देत असताना आला होता.

आपण जरा हिशेब करू. २,२५० रुपये वापरायला मिळाले, त्यावर सात दिवसांत ७५० द्यायचे. म्हणजे आठवड्याला मुद्दलाचा तिसरा हिस्सा. वर्षाचे बावन्न आठवडे धरले, तर साध्या व्याजानंच हा दर सतराशे टक्क्यांच्या वर जातो.

मला बोचली ती गोष्ट वेगळीच. या मुलाला माझ्या विषयाच्या चाचणीत वीसपैकी अठरा गुण होते. चक्रवाढ व्याजाचं उदाहरण त्यानं बिनचूक सोडवलं होतं. मी विचारलं, "अरे, तुला हे व्याज काढता येत होतं ना?" तो म्हणाला, "मॅडम, तिथं व्याज लिहिलंच नव्हतं. तिथं फक्त 'पैसे मिळवा' असं बटण होतं."

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बरीच वर्षं अर्थशास्त्र शिकवते आहे. चक्रवाढ व्याजाचं सूत्र फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, त्याची गणती नाही. त्या दिवशी घरी जाताना मनात आलं, की सूत्र लिहिलेलं असेल तिथंच ते वापरायचं, एवढंच आपण या मुलांना शिकवलं. बाजारात फळा नसतो.

तसा हा प्रश्न केवळ आमच्या गावचा नाही. राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्रानं २०१९ साली देशभर पाहणी केली होती. पैशाच्या व्यवहाराची किमान समज असलेले प्रौढ त्यात शंभरात फक्त सत्तावीस निघाले. आणि कॉलेजच्या मुलांच्या बाबतीत एक नवी अडचण झाली आहे. मी शिकत होते तेव्हा वडिलांची मनीऑर्डर यायची. नोटा पाकिटात ठेवायचे. महिन्याच्या वीस तारखेला पाकीट उघडलं, की ते किती पातळ झालंय ते बोटांनाच कळायचं. आताच्या मुलांच्या हातात पैसा येतच नाही. शिष्यवृत्ती महाडीबीटीवरून थेट बँकेच्या खात्यात येते, घरून येतात ते पैसेही फोनवर, आणि चहाच्या टपरीवर कोड स्कॅन केला की झालं. २०१६ साली यूपीआय आलं आणि व्यवहार किती सोपे झाले, हे मी नाकारत नाही. मीही भाजी तशीच घेते. पण पैसा जाताना दिसत नाही, ही गोष्ट खरीच आहे. शिष्यवृत्तीचे तर आणखी एक आहे. ती येते उशिरा आणि आली की एकरकमी. आठ महिने हातउसने काढलेल्या मुलाच्या खात्यात एके दिवशी एकदम दहा-बारा हजार दिसतात, आणि त्या संध्याकाळी त्याला आपण श्रीमंत आहोत असं वाटतं. या वयात कोणालाही वाटेल.

तेव्हा मी ठरवलं, की शनिवारी तास संपल्यावर ज्यांना थांबायचं असेल त्यांनी थांबावं आणि आपण पैशांचे खेळ खेळावेत. व्याख्यान नाही, गुण नाहीत, हजेरी नाही. पहिल्या शनिवारी नऊ मुलं थांबली. त्यातली चार जणं एसटी चुकली म्हणून थांबली होती, हे मला नंतर कळलं.

पहिला खेळ अगदी साधा. त्याला आम्ही 'एका तासाचा महिना' म्हणतो. चार-पाच मुलांचा एक गट, म्हणजे एक खोली. प्रत्येक गटाला एक पाकीट, त्यात खेळण्यातल्या नोटांचे ६,००० रुपये. दोन मिनिटं म्हणजे एक दिवस. तीस दिवसांचा महिना बरोबर एका तासात संपतो. खोलीभाड्याचा वाटा दीड हजार, मेसचे दोन हजार चारशे, रिचार्जचे तीनशे, हे दर मुलांनीच ठरवले. दर दोन मिनिटांनी शिट्टी वाजली, की डब्यातून एक चिठ्ठी काढायची. चिठ्ठीत काय असेल सांगता येत नाही. चप्पल तुटली. मित्राचा वाढदिवस, वर्गणी शंभर. ताप आला, डॉक्टर आणि गोळ्या तीनशे. मावशी आली होती, जाताना हातावर दोनशे ठेवून गेली. यात्रेला गावी जायचं, भाडं काढा. गाडी पंक्चर.

आणि फळ्यावर पहिल्या मिनिटापासून मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं: २५ तारखेला परीक्षेचा फॉर्म, फी ७०० रुपये.

गंमत बघा. पहिल्या तीन शनिवारी एकाही गटाकडे पंचवीस तारखेला सातशे रुपये नव्हते. चिठ्ठीत अचानक येणारे खर्च त्यांनी कसेबसे निभावले. जो खर्च सगळ्यांना ठाऊक होता, समोर लिहिलेला होता, तोच राहिला. एका मुलानं हात वर करून तक्रार केली, "मॅडम, फीची चिठ्ठी डब्यात टाकायची ना. फळ्यावर लिहिल्यामुळं ती खरी वाटली नाही." मी काहीच बोलले नाही, मागच्या बाकावरच्या मुली मात्र पोट धरून हसत होत्या. चौथ्या शनिवारी एका गटानं पहिल्याच दिवशी सातशे रुपये वेगळे काढले, पाकिटाला रबर लावलं आणि ते माझ्याकडे ठेवायला दिलं. "आमच्याजवळ राहिले तर जातील" म्हणे. घरोघरच्या आया डाळीच्या डब्यात पैसे ठेवतात, ते याहून काय वेगळं असतं!

याच खेळात रिचार्जचा शोध लागला. महिना तीस दिवसांचा आणि रिचार्ज अठ्ठावीस दिवसांचा, त्यामुळं महिना संपायच्या आत तो दुसऱ्यांदा मारावा लागतो, हे एका मुलीच्या लक्षात आलं. तिनं तिथंच भागाकार केला. ३६५ भागिले २८, म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. तीनशेच्या हिशेबानं ३,६०० नव्हे, ३,९००. वर्गातल्या प्रत्येकाकडे चार-पाच वर्षं फोन होता आणि हा तेरावा महिना कोणाला दिसला नव्हता. खरं सांगायचं, तर मलाही नाही.

दुसरा खेळ चिंचोक्यांचा. रेडिओवर मला ते दाखवता येणार नाहीत, तेव्हा आपण मनातल्या मनात मांडा. बहात्तरचा एक नियम आहे. बहात्तरला व्याजाच्या दरानं भागलं, की रक्कम साधारण किती वर्षांत दुप्पट होईल ते कळतं. नियम जुना आहे. इटलीतल्या लुका पाचोली या गणितज्ञानं १४९४ साली छापलेल्या ग्रंथात तो आहे. आठ टक्के दर धरला तर नऊ वर्षं. (आज हा दर कुठं मिळतो ते विचारू नका, भागाकार सोपा जातो म्हणून आठ.) आता एक मुलगी विसाव्या वर्षी एक चिंचोका ठेवते. शिट्टी वाजली की नऊ वर्षं गेली. एकोणतिसाव्या वर्षी दोन, अडतिसाव्या वर्षी चार, सत्तेचाळिसाव्या वर्षी आठ, छपन्नाव्या वर्षी सोळा. शेजारचा मुलगा अडतीस वर्षांचा होईपर्यंत मजा करतो आणि मग जागा होतो. त्याला छपन्नाव्या वर्षी तिच्याइतके सोळा चिंचोके हवे असतील, तर सुरुवात किती चिंचोक्यांनी करावी लागेल? चार. तिच्या चौपट.

हे इतकं छान जमलं होतं, की मी मनात स्वतःची पाठ थोपटत होते. तेवढ्यात एकानं विचारलं, "मॅडम, तोवर वडापावपण महाग होईल ना?" बरोबर होतं. महागाई सहा टक्के धरली, तर बहात्तर भागिले सहा, बारा वर्षांत वडापावची किंमत दुप्पट. मग आम्ही चिंचोक्यांच्या ढिगाशेजारी वडापावची रांग मांडली. ढीग सोळापट झाला, पण वडापाव छत्तीस वर्षांत आठपट महागला, म्हणजे खरी वाढ दुपटीचीच. मुलं थोडी हिरमुसली. मला मात्र तो दिवस फार आवडला. बचतीचं महत्त्व सांगणारे बरेच जण सोळाचा आकडा सांगून थांबतात.

मग तोच खेळ उलटा करायचा. चिंचोके आपले नाहीत, सावकाराचे आहेत. आमच्या भागात अजूनही व्याज शेकड्यावर बोलतात. 'शेकडा तीन' म्हणजे शंभराला महिन्याला तीन रुपये. बहात्तर भागिले तीन, चोवीस. म्हणजे चोवीस महिन्यांत कर्ज दुप्पट. इथं शिट्टी लवकर लवकर वाजते आणि चिंचोके पुरत नाहीत. मुलं घाबरतात, आणि तशी त्यांनी घाबरावीही.

शेकडा तीन म्हटलं, की मुलं सावकाराला शिव्या घालतात. म्हणूनच तिसरा खेळ. वर्गात दोन दुकानं मांडायची. दोन्हीकडे तोच मोबाईल, छापील किंमत पंधरा हजार. एका दुकानात रोख घ्या, एक हजार सूट, चौदा हजारांत न्या. दुसऱ्या दुकानात रंगीत पाटी: 'शून्य टक्के व्याज! अडीच हजारांचे फक्त सहा हप्ते!' खाली बारीक अक्षरात, प्रोसेसिंग फी पाचशे, आधी भरावी. दुकानदार मुलंच असतात आणि ती असली काही बोलतात, की विचारू नका. एका पोरानं तर कोल्ड्रिंकसुद्धा मागवल्याचा अभिनय केला. बहुतेक गिऱ्हाईकं दुसऱ्या दुकानात गेली.

मग हिशेब. चौदा हजारांची वस्तू. पाचशे फी आधीच दिली, म्हणजे दुकानदारानं खरोखर उधार दिले साडेतेरा हजार. परत करायचे अडीच हजार गुणिले सहा, पंधरा हजार. वरवर पाहता सहा महिन्यांत दीड हजार जास्त, फार वाटत नाही. पण साडेतेरा हजार काही सहाही महिने आपल्याकडे राहत नाहीत, दर महिन्याला त्यातले आपण परत करत जातो. ते धरून दर काढला, तर तो महिन्याला तीन टक्क्यांच्या किंचित वर येतो. वर्गात एकदम शांतता. मग कोणीतरी म्हणालं, "म्हणजे शेकडा तीनच की!" तोच दर. गावातल्या सावकाराला शिव्या, आणि काचेच्या दुकानातल्याला थँक्यू.

रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३मध्येच बँकांना बजावलं होतं, की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट अस्तित्वातच नसते. व्याज कुठल्या ना कुठल्या शुल्कात दडवलेलं असतं. डिजिटल कर्जांसाठी २०२२ साली तिनं नियम केले. कर्जाचा वर्षाचा एकूण खर्च टक्क्यांत आधी सांगायचा, फोनमधल्या नंबरांच्या यादीला हात लावायचा नाही. नियम चांगले आहेत. आमच्या विद्यार्थ्याला ज्यांनी छळलं ते मात्र असले नियम वाचणाऱ्यांपैकी नव्हते. म्हणून मी मुलांना सांगते, टक्का लिहिलेला नसेल तर तो आपण काढायचा. हातात किती आले, परत किती द्यायचे, किती दिवसांत, एवढे तीन आकडे पुरतात.

इथं थोडं विषयांतर करते. पैशाचा खेळ म्हटला, की आपल्याला 'व्यापार' आठवतो. उन्हाळ्याच्या सुटीत दुपारभर आपण मुंबई, कलकत्ता विकत घेत बसायचो. त्याचं मूळ अमेरिकेतल्या एलिझाबेथ मॅगी या बाईंच्या खेळात आहे. त्यांनी १९०४ साली त्याचं पेटंट घेतलं. जमीन मूठभरांच्या हाती गेली, की भाडं देणारे कसे भिकेला लागतात, हे लोकांना कळावं म्हणून बाईंनी तो काढला. पुढं १९३५ साली 'मोनोपॉली' या नावानं एका कंपनीनं तो बाजारात आणला आणि दुसऱ्याला भिकेला लावण्यातच लोकांना मजा वाटू लागली. सांगायचं कारण, नुसता खेळ ठेवला म्हणजे मुलं योग्य तेच शिकतील, असं नसतं. 'व्यापारा'त तर फेरी पूर्ण केली की बँक आपोआप पैसे देते. तशी बँक मला अजून भेटलेली नाही. म्हणून आमच्याकडे खेळ अर्धा तास किंवा एक तास, आणि नंतर निदान वीस मिनिटं गप्पा. गप्पांत मी शक्यतो शेवटी बोलते. हे मला फार अवघड जातं.

छापा-काट्याचा खेळ मी खास शेअर बाजाराच्या नादी लागलेल्यांसाठी ठेवला. आमच्या वसतिगृहातली काही मुलं रात्री जागून फोनवर ऑप्शन्सचे व्हिडिओ बघतात. एक जण चार दिवसांत चार हजारांचे अकरा हजार केल्याचं सांगत हिंडायचा. त्याचे पुढं काय झालं, ते त्यानं कोणालाच सांगितलं नाही. तर खेळ असा. तीस-बत्तीस मुलं उभी राहतात. छापा वाटत असेल त्यानं हात डोक्यावर ठेवायचा, काटा वाटत असेल त्यानं कमरेवर. मी नाणं उडवते. चुकले ते खाली बसतात. दर वेळी साधारण निम्मे बसतात. पाच-सहा वेळा नाणं उडवलं, की एकच उभा राहतो. त्याला टाळ्या, आणि मग त्याची मुलाखत. तुमच्या यशाचं रहस्य काय?

पहिल्या वेळच्या विजेत्यानं गंभीरपणे सांगितलं, "दोनदा छापा आला, की पुढं काटा येतोच." दोघा-तिघांनी ते वहीत लिहूनही घेतलं! तेवढ्यात मागून एक मुलगी म्हणाली, "हा पहिल्यांदाच बसला असता, तर त्याची मुलाखत कोण घेणार होतं?" माझं चाळीस मिनिटांचं व्याख्यान तिनं एका वाक्यात संपवलं. व्हिडिओत दिसतो तो शेवटपर्यंत उभा राहिलेला. बसलेले व्हिडिओ काढत नाहीत.

बसलेले किती, याचा आकडा सेबीनं सप्टेंबर २०२४मध्ये जाहीर केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, आणि खर्च धरून त्यांचा सरासरी तोटा माणशी दोन लाखांच्या आसपास होता. शंभरात त्र्याण्णव. माझ्या वर्गात निदान निम्मे तरी उभे राहतात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेनं २०२५ साली बंदीचा कायदा केला, त्यावर मुलं हिरिरीनं वाद घालतात. मी तो वाद होऊ देते.

भामट्यांच्या फोनचं नाटकही आम्ही करतो. एक भामटा, एक सावज, बाकीचे प्रेक्षक. त्यात लक्षात ठेवायचं फार थोडं असतं: पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन मागितला की समजायचं पैसे जाणार, आणि गेलेच, तर लाज बाजूला ठेवून ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करायचा. एवढंच.

आता एक आक्षेप. तो आमच्याच एका विद्यार्थिनीनं घेतला. ती सकाळी 'कमवा आणि शिका' योजनेत ग्रंथालयात काम करते. ती म्हणाली, "मॅडम, पैसेच नसतील तर त्यांचं व्यवस्थापन काय शिकायचं?" हा प्रश्न मी झटकून टाकू शकत नाही. तिच्यासारख्या मुलांच्या अडचणीचं मूळ उधळपट्टीत नाही, मिळकतीत आहे. खेळानं मिळकत वाढत नाही. पण एक मी तीन वर्षांत पुनःपुन्हा पाहिलं. एका तासाचा महिना शेवटपर्यंत नीट नेणारी मुलं बहुतेक याच घरांतली असतात. पगारदारांच्या मुलांचं पाकीट अठरा-वीस तारखेला रिकामं होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढं मुलांना कमवत शिकवलं, त्यात फीची सोय होती तशी ही एक सोयही होती, असं मला वाटू लागलंय. तेव्हापासून मी गट पाडताना प्रत्येक गटात असं एक तरी मूल घालते. ते शिक्षक, मी शिट्टी वाजवणारी.

त्याच मुलीला पुढं घरचा हिशेब विचारून यायचं काम मिळालं. हे आम्ही दिवाळीच्या सुटीत सगळ्यांना देतो. आकडे वर्गात सांगायचे नाहीत, फक्त आईवडिलांना एकदा विचारायचं: महिन्याला काय येतं, काय जातं, आणि माझ्यावर किती जातं? बऱ्याच घरांत हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला गेला. काही वडील चिडले. या मुलीच्या आईनं मात्र बचत गटाचं पासबुक तिच्या पुढ्यात ठेवलं. मुलीची प्रवेश फी भरायला तिनं गटातून कर्ज घेतलं होतं आणि दर महिन्याला ते फेडत होती. दोन वर्षं मुलीला पत्ता नव्हता. त्यानंतर ती शनिवारी येईनाशी झाली. मला वाटलं, दुखावली. नंतर कळलं, तिनं शनिवारी दुपारी एका दुकानात हिशेब लिहायचं काम धरलं होतं.

काही शिक्षक मला विचारतात, हे सुरू करायला काय लागतं? पाकिटं, खेळण्यातल्या नोटा, शिट्टी, नाणं, शेरभर चिंचोके. दोन पथ्यं मात्र पाळावीत. खरे पैसे एक रुपयाचेही लावू नयेत. आम्ही एकदा वर्गाची पन्नास रुपयांची भिशी करून पाहिली, तिसऱ्या महिन्यात एक जण कॉलेज सोडून गेला आणि ते पन्नास कोणी भरायचे यावरून दोन मैत्रिणींनी आठवडाभर अबोला धरला. दुसरं म्हणजे, काही विकणाऱ्याला वर्गात घेऊ नये. आमच्याकडे दर वर्षी कोणी ना कोणी येतं. मुलांसाठी मोफत मार्गदर्शन ठेवतो, नाश्ता आमचा, फक्त शेवटी प्रत्येकाचं एक खातं उघडू, म्हणतात. मी नम्रपणे नाही म्हणते. प्राचार्यांना ते फारसं आवडत नाही, कारण नाश्ता चांगला असतो.

त्या मुलाचं काय झालं, असं आपण विचाराल. पोलिसांत तक्रार केल्यावर फोन थांबले, पण तोवर उसाच्या बिलातले बरेच पैसे गेले होते. वडील त्याच्याशी महिनाभर बोलले नाहीत. पहिल्या शनिवारी थांबलेल्या नऊ जणांत तो होता. त्याची एसटी चुकलेली नव्हती. पुढं त्यानं स्वतः एक खेळ तयार केला, 'ॲप' नावाचा. कर्जाच्या अटी त्यानं आठवून आठवून लिहिल्या, कापून घ्यायचं शुल्क, सातवा दिवस, दुसरं ॲप, तिसरं ॲप, ओळखीच्यांना जाणारे फोन, सगळ्याच्या चिठ्ठ्या केल्या. त्यात एक चिठ्ठी त्यानं वेगळ्या रंगाची केली आणि ती टेबलावर पहिल्यापासून उघडी ठेवली. कोणत्याही दिवशी कोणत्याही गटानं उचलावी. तिच्यावर लिहिलंय, 'घरी फोन करून सगळं सांगा. खर्च शून्य.'

ती चिठ्ठी उचलली, की खेळ तिथंच थांबतो आणि उरलेलं कर्ज जेवढं असेल तेवढंच राहतं. मुलं ती बघतात, वाचतात, आणि तिसरं ॲप उघडतात. गेल्या शनिवारी पाच गट होते. दोन गटांनी ती उचलली, त्यातल्या एकानं दुसऱ्याच दिवशी.